आम्हाला मेलेलाच वीर का लागतो?

युद्धपटातला सार्जंट शेवटच्या रिळापर्यंत जगता कामा नये, असा चित्रपटवाल्यांचा एक अलिखित कायदा दिसतो. त्याने पोरांना शिव्या घालाव्यात, चिखलात लोळवावे, रात्री पहाऱ्यावर असताना मात्र त्यांच्या अंगावर हळूच कांबळे ओढावे; आणि आपला त्याच्यावर जीव जडला रे जडला, की एक गोळी खाऊन आडवे व्हावे. मग त्याच्या खिशातून घरचे पत्र निघते, एखादा पोरगा ते भरल्या गळ्याने वाचतो, मागे बँड घुमू लागतो, निशाण वर चढते, आणि आपण डोळे टिपत, तिकिटाचे पैसे वसूल झाल्याच्या समाधानात बाहेर पडतो. वाटेत भेळ खातो.

या कायद्याचा आदर्श नमुना म्हणजे १९४९ सालचा ‘सँड्स ऑफ इवो जिमा’. जॉन वेनने त्यात सार्जंट स्ट्रायकर उभा केला. कडक, एकलकोंडा, घर मोडलेला हा माणूस आपल्या तुकडीला पॅसिफिकमधल्या बेटांवर लढवत नेतो. शेवटी डोंगर सर होतो. इतके बरे आपल्याला आयुष्यात कधी वाटले नव्हते असे तो म्हणतो, आणि पाठीत गोळी बसते. मुलाला लिहिलेले अर्धवट पत्र वाचले जाते, आणि निशाण फडकते. वेनला या कामासाठी ऑस्करचे नामांकन मिळाले आणि अमेरिकेतल्या एका पिढीच्या मनात सार्जंटची मूर्ती कायमची बसली. स्वतः वेन कधी रणांगणावर लढला नव्हता. त्याबद्दल मी त्याला नावे ठेवत नाही. नटाने नटाचे काम केले. माझी तक्रार आहे ती त्या निशाणाबद्दल. सार्जंट पडल्याशिवाय ते वर चढत नाही, ही त्यातली गोम.

हा कायदा मोडणारा एक चित्रपट आहे आणि त्याच्यासाठी मी आज लेखणी उचलली आहे. सॅम्युएल फुलर या दिग्दर्शकाचा, १९८० साली पडद्यावर आलेला ‘द बिग रेड वन’. अमेरिकेच्या पहिल्या पायदळ डिव्हिजनच्या खांद्यावर जो तांबडा एकडा असतो, त्यावरून हे नाव. (आम्हा मास्तर लोकांना तांबड्या शाईतला एकडा उत्तरपत्रिकेवरच पाहण्याची सवय, त्यामुळे नाव वाचून मला प्रथम भलतीच शंका आली होती.) आमच्या शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत एके दिवशी या चित्रपटाचा विषय निघाला. मी म्हटले, वरच्या वर्गातल्या मुलांनी हा पाहिला पाहिजे. त्यावर आमचे एक स्नेही उसळलेच. ते माझ्यापेक्षा पुष्कळ शिकलेले आहेत. मी पडलो मॅट्रिक. ते म्हणाले, “अहो, जिवंत राहणे हेच युद्धातले एकमेव वैभव, असे शेवटी बजावणारा चित्रपट तुम्ही पोरांना दाखवणार? मग हुतात्म्यांनी काय वेडेपणा केला? पोरे भेकड होतील अशाने!”

हे मत एकट्या त्यांचे असते, तर मी चहा पिऊन गप्प बसलो असतो. पण हे मत आपल्या सगळ्यांच्या घरात, देवघराच्या शेजारी, मांडून ठेवलेले आहे. म्हणून त्याचा जरा खोलात जाऊन समाचार घेतला पाहिजे.

प्रथम हे बोलणारा फुलर कोण, ते पाहा. हा काही कॉफीच्या कपामागे बसून शांतीची प्रवचने देणारा गृहस्थ नव्हे. १९१२ साली जन्मलेला, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत गुन्ह्यांच्या बातम्या देणारा बातमीदार, मग कादंबरीकार. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा तिशीला टेकलेला होता. तो त्याच तांबड्या एकड्याच्या डिव्हिजनमधल्या सोळाव्या रेजिमेंटमध्ये साधा शिपाई म्हणून गेला. उत्तर आफ्रिका, सिसिली, नॉर्मंडी, बेल्जियम, जर्मनी, आणि शेवटी चेकोस्लोव्हाकियातल्या फाल्केनाउ गावची छळछावणी, एवढी पायपीट त्याने केली. जखमी झाला, शौर्यपदके मिळवली. हे सगळे पडद्यावर आणण्याचा त्याचा बेत १९५० च्या दशकापासूनचा; तो तडीस जायला १९८० उजाडले. सार्जंटच्या कामासाठी त्याने घेतला ली मार्विन. हा मार्विन नौसैनिकांच्या पायदळात होता आणि १९४४ च्या जूनमध्ये सायपान बेटावर जबर जखमी झाला होता. म्हणजे भेकडपणाचा आरोप करायचा तर तो या दोघांवर करावा लागेल. माझे स्नेही तो करतीलही. आमची दोघांचीही लढाई आजवर खडूनेच झालेली आहे.

आता चित्रपटातला सार्जंट पाहू. सार्जंट म्हणजे आपल्या पलटणीतला हवालदार. मराठी माणसाला हवालदार म्हटले की चौकात दंडुका घेऊन उभा असलेला पोलीस आठवतो. पण पायदळात हवालदार हा पलटणीचा कणा असतो. साहेब नकाशा पाहतो, हवालदार माणसे मोजतो. रात्री किती गेले आणि पहाटे किती परतले, हा त्याचा हिशेब. फुलरने या सार्जंटला नावच दिलेले नाही. दोन महायुद्धे लढलेला, कातडे रापलेला, कमी बोलणारा हा माणूस सबंध चित्रपटभर नुसता ‘सार्जंट’ आहे. त्याच्याभोवती चार पोरगे: नेम अचूक असून माणसावर बंदूक रोखताना हात आखडणारा ग्रिफ, चिरूट चघळणारा आणि कादंबरीकार होऊ पाहणारा झॅब (हा खुद्द फुलरच), इटालियन वंशाचा विंची आणि जॉन्सन.

चित्रपट सुरू होतो तो मात्र १९१८ च्या नोव्हेंबरात. फ्रान्समधले एक उद्ध्वस्त रणांगण, त्यावर लाकडाचा एक प्रचंड क्रूस, आणि क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या डोळ्यांच्या खोबणीत मुंग्या. तरुण शिपाई असलेल्या आपल्या सार्जंटसमोर एक जर्मन येतो आणि युद्ध संपले, युद्ध संपले असे ओरडतो. हा त्याला सुऱ्याने मारतो. खंदकात परतल्यावर अधिकारी सांगतो की तहाला चार तास उलटून गेले. त्या मेलेल्या जर्मनाच्या टोपीची तांबडी चिंधी याच्या हातात असते, आणि चित्रपटात तीच पुढे त्या तांबड्या एकड्याचा उगम ठरते. शौर्याचे जे चिन्ह हजारो पोरे अभिमानाने खांद्यावर मिरवणार आहेत, त्याच्या मुळाशी फुलरने चार तास उशिरा झालेली एक हत्या ठेवली. निशाण वर चढवणाऱ्या दिग्दर्शकांना हे धाडस झाले असते काय?

मग १९४२ सालची आफ्रिका येते, आणि पुढची तीन वर्षे. ती मी सविस्तर सांगत बसत नाही. कॅसरीनच्या खिंडीत जर्मन रणगाडे डोक्यावरून जातात आणि पोरे खड्ड्यांत उंदरासारखी दबून बसतात. सिसिलीत एक मुलगा आईचे प्रेत गाडीवर घालून हिंडतो आहे. जर्मनांची लपवलेली तोफ तो दाखवील, पण अट एकच: आईला चार कड्या असलेल्या शवपेटीत नीट पुरून द्यायचे. सार्जंट ती अट मान्य करतो. पुढे एक लहानगी त्याच्या शिरस्त्राणाभोवती फुले खोवते आणि हा दगडी माणूस ती तशीच राहू देतो. फुलांसह. एवढ्या एका दृश्यावर दुसऱ्या कोणी गाणे घातले असते.

माझ्या स्नेह्यांच्या आरोपाचा निकाल मात्र नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर लागतो. ६ जून १९४४. ओमाहा असे सांकेतिक नाव दिलेल्या किनाऱ्यावर त्या एका दिवसात दोन हजारांवर अमेरिकन मेले किंवा जखमी झाले. फुलरजवळ पैसा कमी, माणसे कमी. चित्रीकरण बरेचसे इस्राएलमध्ये उरकलेले. म्हणून त्याने ती प्रचंड लढाई दोन बारीक गोष्टींतून सांगितली. पाण्यात पडलेल्या एका मृत शिपायाच्या मनगटावर घड्याळ आहे. कॅमेरा पुनःपुन्हा त्या घड्याळाकडे जातो. काटे पुढे सरकलेले असतात आणि भोवतीचे पाणी अधिकाधिक लाल झालेले असते. बस्स, एवढेच.

दुसरी गोष्ट बंगलोर टॉर्पेडोची. आपल्या बंगलोरात मद्रास सॅपर्सच्या एका इंग्रज कॅप्टनने १९१२ च्या सुमारास हे साधन शोधून काढले, म्हणून हे नाव. स्फोटक भरलेल्या लोखंडी नळ्या एकीला एक जोडून काटेरी तारांखाली सरकवायच्या आणि उडवून वाट पाडायची. नळीचा एकेक तुकडा घेऊन एकेका माणसाने पुढे धावायचे असते. सार्जंट नावाने हाक मारत नाही, नंबराने मारतो. एक पडतो, की पुढचा नंबर. तो पडतो, की त्याच्या पुढचा. ग्रिफचा नंबर येतो. तो निघतो, आणि अर्ध्या वाटेत थिजतो. आता जॉन वेन असता तर धावत गेला असता, भाषण केले असते आणि स्वतः छातीवर गोळी घेतली असती. हा सार्जंट बंदूक उचलतो आणि ग्रिफच्या आजूबाजूला, वीतभर अंतरावर, गोळ्या मारतो. ग्रिफ हलतो. काम होते, तारा उडतात, वाट पडते.

वाचकहो, हा भेकडपणा शिकवणारा सार्जंट आहे काय? त्या दिवशी प्रत्यक्षात त्याच किनाऱ्यावर सोळाव्या रेजिमेंटच्या कर्नल टेलरने आपल्या माणसांना बजावले होते की इथे थांबणारे दोनच जातींचे, मेलेले आणि मरायला टेकलेले, तेव्हा उठा. जिवंत राहायचे असेल तर पुढेच जावे लागते, हा पायदळाचा अनुभव आहे. जगण्याची इच्छा आणि धैर्य ही दोन परस्परांची वैरी आहेत, हा शोध रणांगणावर लागलेला नाही. तो आपण, आरामखुर्चीत बसलेल्यांनी, लावलेला आहे. ग्रिफ तिथे मरून जावा आणि त्याचे नाव व्हावे, असे सार्जंटला क्षणभरही वाटत नाही. त्याला नळीचा तो तुकडा तारेखाली हवा आहे आणि ग्रिफ परत हवा आहे. दोन्ही हवे आहेत.

नव्याने येणाऱ्या भरतीच्या पोरांचे काय होते, ते तर याहून निर्दय आहे. चौघे जुने टिकतात. रिकाम्या जागी आलेली नवी पोरे दोन दिवसांत मरतात. पुढे पुढे हे चौघे त्यांची नावेही विचारीनासे होतात. कशाला विचारायची? लक्षात ठेवून जाच होतो. फुलरने हे कोणत्याही सबबीशिवाय सांगितले आहे. आणि मग, अनेक वर्षांनी, तोच जुना क्रूस पुन्हा लागतो. शेजारी एक स्मारक आहे, त्यावर मृतांच्या नावांच्या ओळी. एक पोरगा चकित होतो, आपल्या माणसांची नावे इतक्या लवकर कोरली कशी? सार्जंट सांगतो, हे मागच्या महायुद्धाचे स्मारक आहे. पण नावे तर तीच आहेत, असे पोरगा म्हणतो. आणि सार्जंट उत्तर देतो की ती नेहमी तीच असतात.

हे पाहताना मला आमच्याकडच्या पाट्या आठवल्या. सातारा, रत्नागिरीकडच्या काही गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत इंग्रज सरकारने बसवलेला संगमरवरी दगड अजून दिसतो. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात अमुक माणसे गेली, पैकी अमुक जणांनी प्राण दिले. नाव एकाचेही नाही. अमेरिकन पोराला दगडावर निदान नावे तरी वाचायला मिळाली! आपल्या आजोबा-पणजोबांचा नुसता आकडा झाला, आणि तोही गेलेल्यांचा आणि मेलेल्यांचा. परत आले त्यांचा आकडा वजाबाकी करून काढावा लागतो. ही वजाबाकी मी वर्गात मुलांना घालतो. गणित सोपे आहे, पण उत्तर आले की मुले विचारतात, “गुरुजी, मग ते आल्यावर काय करत होते?” या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नाही.

आणि आता आपल्या पडद्याकडे वळू, कारण दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखवून मोकळे होण्यात पुरुषार्थ नाही. १९९७ साली जे. पी. दत्ता यांचा ‘बॉर्डर’ आला. १९७१ च्या डिसेंबरात, ४ आणि ५ तारखेच्या रात्री राजस्थानच्या वाळवंटातल्या लोंगेवाला चौकीवर पंजाब रेजिमेंटच्या एका कंपनीने पाकिस्तानी रणगाड्यांना रात्रभर थोपवून धरले आणि उजाडल्यावर आपल्या हंटर विमानांनी त्या रणगाड्यांची दैना उडवली. फार मोठा पराक्रम. त्याचे मोठेपण कशात? मूठभर माणसांनी चौकी राखली आणि आपल्याकडचे जवान कामी आले ते अवघे दोन, यात. एवढ्या कमी मोलात एवढे मोठे काम झाले, याचे कोणत्याही हवालदाराला आयुष्यभर समाधान वाटेल. पण पडद्याला ते पुरले नाही. चित्रपटात एकामागून एक वीर पडतात. त्यांत भैरोसिंग नावाचा सीमा सुरक्षा दलाचा जवान आहे. सुनील शेट्टीने तो रंगवला. तो रणगाड्यावर झेप घेतो आणि देह ठेवतो. सबंध देश रडला.

खरे भैरोसिंग राठोड त्या वेळी जिवंत होते! लढाईत त्यांनी मशीनगन चालवली, त्यांना १९७२ साली सेना पदक मिळाले, आणि ते राजस्थानात आपल्या गावी नांदत होते. चित्रपटाने त्यांना मारले त्यानंतरही ते पंचवीस वर्षे जगले. २०२२ च्या डिसेंबरात त्यांचे देहावसान झाले. आपल्याला पडद्यावर मरताना पाहणे त्यांच्या वाट्याला आले. मी विचारतो, का मारले त्यांना? शत्रूला जे जमले नाही ते आपल्या पटकथेने का केले? कारण उघड आहे. लढून, जिंकून, पदक घेऊन घरी परतलेला, म्हशीचे दूध काढणारा वीर आपल्याला पुरेसा वीर वाटत नाही. त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी येत नाही. आणि पाणी आले नाही तर आपली देशभक्ती झाली कशी, याची आपल्याला शंका येते.

यावर माझे स्नेही म्हणतील की हा हुतात्म्यांचा अपमान आहे. मुळीच नाही. आपल्याच मराठा पलटणीतली दोन नावे घेतो, त्याच महायुद्धातली, जिथे फुलर लढत होता त्याच खंडातली. ओमाहानंतर महिनाभराने, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नायक यशवंत घाडगे यांची छोटी तुकडी जर्मन मशीनगनच्या तोंडी सापडली. कमांडर सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले, हातबाँबने मशीनगन गप्प केली, काडतुसे बदलायला उसंत नव्हती तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने हाणले, आणि ठाणे निकामी झाल्यावर कुठल्याशा निशाणबाजाच्या गोळीने त्यांना गाठले. माणगावला त्यांचा पुतळा आहे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो मेल्याबद्दल नव्हे, धावून गेल्याबद्दल. ती शेवटची गोळी चुकली असती, तर त्यांचा पराक्रम गुंजभरही कमी झाला नसता.

दुसरे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनिओ नदीवर त्यांनी दोघा जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून पाठीवर वाहून सुरक्षित आणले. मग परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी एकट्याने बंद पाडली. हाताला जखम झाली म्हणून बंदूक चालेना, तर हातबाँब वापरले. शेवटी बांधावर उभे राहून आपल्या मावळ्यांची युद्धगर्जना दिली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. ते परत आले आणि १९८४ पर्यंत जगले. एकोणचाळीस वर्षे हा माणूस आपल्यात वावरत होता. आज आपल्या घरातल्या किती मुलांना त्यांचे नाव सांगता येईल? जाऊ द्या, मुलांना कशाला, आपल्याला?

फुलरच्या चित्रपटावर उलट बाजूनेही हल्ला होतो. काही शांतिवादी म्हणतात की कितीही झाले तरी यात बंदुका आहेत, विनोद आहे, पोरांची दोस्ती आहे. म्हणजे युद्धाची गोडीच लागते. या मंडळींना माझे उत्तर थोडक्यात आहे. हत्या आणि मारणे यांतला वाद या चित्रपटात ज्या तऱ्हेने येतो, तो त्यांनी पाहावा. ग्रिफ म्हणतो, मला कोणाची हत्या करवत नाही. सार्जंट म्हणतो, आपण हत्या करत नाही, आपण मारतो. जनावराची का कोणी हत्या करतो? हे ऐकून माझ्यातला शिक्षक अस्वस्थ झाला, आणि सार्जंटचे हे म्हणणे मला आजही पटत नाही. पण फुलरची खुबी अशी की नेमका हाच संवाद पलीकडच्या गोटात एक जर्मन हवालदारही आपल्या शिपायाशी करतो. श्रोडर त्याचे नाव. जवळजवळ तेच शब्द, तीच खात्री. आता ठरवा कोण बरोबर. ज्या चित्रपटाने युद्धाची गोडी लावायची, तो असले आरसे कशाला धरील?

आणि शेवटी फाल्केनाउ. छावणीतल्या भट्टीचे दार ग्रिफ उघडतो. आत काय दिसले ते आपल्याला फारसे दिसत नाही. ग्रिफचे डोळे दिसतात. फुलरने हे प्रत्यक्ष पाहिले होते. आईने पाठवलेल्या छोट्या कॅमेऱ्याने त्याने १९४५ च्या मे महिन्यात तिथे चित्रणही केले होते: आम्हाला काही माहीतच नव्हते असे म्हणणाऱ्या गावच्या प्रतिष्ठितांकडून अमेरिकन कॅप्टनने मृतांना कपडे चढवून घेतले आणि त्यांचे दफन करवले, ते. एवढे पाहिलेला माणूस पडद्यावर हात आखडता घेतो, हे ध्यानात ठेवा. दुसऱ्या भट्टीत एक जर्मन शिपाई लपलेला असतो. आजवर ज्याचा हात आखडत होता तो ग्रिफ त्याच्यावर गोळ्या झाडतो, झाडतच राहतो. सार्जंट येतो, पाहतो, आणि त्याला आणखी गोळ्या देतो. तिथेच सार्जंटला एक मरणासन्न पोर सापडते. तो त्याला खाऊ घालतो, नदीकाठी नेतो, खांद्यावर बसवून चालू लागतो. चालता चालता ते पोर खांद्यावरच जाते. सार्जंटला कळते. तो तसाच, त्याला खांद्यावर घेऊन, बराच वेळ चालत राहतो. ली मार्विनच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलत नाही. असा अभिनय मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

दोष नाहीत असे मी म्हणत नाही. चौघे पोरगे तीन वर्षे, इतक्या लढायांतून, एकही न पडता सुटतात, हे कादंबरीकार म्हणून मला खटकते. मी त्यातला एक तरी गमावला असता. जर्मन रणगाडे म्हणून जे दिसतात ते उघड उघड अमेरिकन शर्मन आहेत, जाणकार हसतात. वेड्यांच्या इस्पितळातला प्रसंग जरा अधिकच ‘साहित्यिक’ झाला आहे. पण सार्जंट जगला, हा मात्र दोष नव्हे. त्याला जगवण्यासाठी फुलरने जी किंमत मोजली आहे ती शेवटच्या प्रसंगात कळते.

रात्रीची वेळ. श्रोडर शरण यायला पुढे येतो, युद्ध संपले म्हणतो. सार्जंट, १९१८ प्रमाणेच, त्याला सुरा खुपसतो. तेवढ्यात चौघे धावत येऊन सांगतात, खरेच संपले आहे, चार तास झाले. हा माणूस दुसऱ्यांदा चार तास उशिरा आला! पण या वेळी श्रोडरची नाडी हाताला लागते. मग सार्जंट जे करतो ते मी आमच्या स्नेह्यांना दहा वेळा पाहायला सांगीन. तो त्या जर्मन हवालदाराला वाचवायला धडपडतो, शिव्या घालतो आणि दरडावतो की तुला जगावेच लागेल. एक हवालदार दुसऱ्या हवालदाराला जगण्याचा हुकूम देतो. निशाण नाही, पत्र नाही.

पोरे अशाने भेकड होतात म्हणे! या दिवसांत आपल्या अंगणात जाऊन पाहा. पोरांनी किल्ला केला आहे, हळीव पेरले आहे, मातीचे मावळे मांडले आहेत. मांजर धावले की एखादा मावळा कोलमडतो. पोर त्याला हुतात्मा म्हणून टाळ्या वाजवते का? ते त्याला उचलते, फुंकर मारून माती झाडते आणि पुन्हा बुरुजावर उभे करते. पाय मोडला असेल तर आईकडून कणीक आणून चिकटवते. हे त्याला कोणी शिकवलेले नाही.

‘द बिग रेड वन’ पाहायचा झाला तर एक सूचना. १९८० साली कंपनीने तो कापूनछाटून दोन तासांच्या आत बसवला होता. फुलर १९९७ साली वारला. त्यानंतर २००४ साली त्याचे कापलेले तुकडे शोधून, सुमारे पाऊण तास वाढवून, चित्रपट पुन्हा जोडला गेला. मिळाला तर तो लांब पाहावा. अगदी लहान मुलांना बरोबर घेऊन बसू नये, काही प्रसंग त्यांच्या झेपेपलीकडचे आहेत. दहावीच्या पुढच्या मुलांना खुशाल बसवावे. आणि आपल्या आळीत, वाडीत कोणी पेन्शनीत आलेले सुभेदार किंवा हवालदार असतील, तर फराळाला बोलावून त्यांनाही बरोबर बसवावे. ते काही बोलतील, कदाचित बोलणार नाहीत. चहा मात्र दोनदा विचारावा, पहिल्यांदा ते नको म्हणतात.